‘माकडताप’ ह्या समासाचा विग्रह : डॉ. बोशेल ह्यांच्या संशोधनाचे एक परीक्षण

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. वन्य पशूंमध्ये रोग कसे पसरतात, हा प्राणिशास्त्राचा व वैद्यकाचा प्रश्न होय, ह्यात शंका नाही. परंतु रोगाला नाव देताच त्या नावातून कार्यकारणाचा एक सिद्धान्त समाजात रूढ होतो, आणि तो सिद्धान्त तपासण्याचे काम भाषेच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. ‘माकडताप’ हा शब्द ह्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. त्याचा विचार करताना डॉ. होर्हे बोशेल ह्या कोलंबियन शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा आधार घ्यावा लागतो, आणि ते करताना त्या संशोधनाचेही परीक्षण करावे लागते.

प्रथम घटनाक्रम पाहू. १९५७ च्या मार्च महिन्यात तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात वानर व लाल तोंडाची माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. माकडांचे मृत्यू आणि माणसांचा ताप एकत्र दिसताच पीतज्वराची शंका येणे स्वाभाविक होते, कारण आशियात त्या रोगाचा शिरकाव होण्याची धास्ती त्या काळी सर्वत्र होती. पुणे येथील विषाणु संशोधन केंद्राने शोध हाती घेतला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांच्या सहकार्याने १९५२ साली निघालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. हा पीतज्वर नव्हे, तर रशियातील वसंत-ग्रीष्म मस्तिष्कदाहाच्या विषाणूशी नाते असलेला एक नवा विषाणू आहे आणि तो डासांनी नव्हे, तर मुख्यतः गोचिडींनी पसरतो, असे निष्पन्न झाले.

डॉ. बोशेल ह्या कामात सहभागी झाले, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोलंबियातील वन्य पीतज्वराचा दीर्घ अनुभव होता. पूर्व कोलंबियाच्या अरण्यात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेली एक गोष्ट त्यांच्या पुढील सर्व विचाराचे बीज ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. पीतज्वराचा विषाणू वाहणारे तेथील डास वृक्षांच्या शेंड्यांवर, माकडांच्या वसतिस्थानी राहतात. जमिनीवर चालणाऱ्या माणसाशी त्यांचा संबंध सहसा येत नाही. मात्र वृक्ष तोडून खाली पाडला, की शेंड्यावरचे डास त्याबरोबर खाली येतात आणि लाकूडतोड्याला चावतात. येथे माकड माणसाकडे येत नाही. माणसाची कुऱ्हाड माकडाचे जग माणसाच्या उंचीवर आणते. पुढे मध्य अमेरिकेतील वानरांमधून पीतज्वराची लाट उत्तरेकडे सरकत गेली, तिचाही मागोवा डॉ. बोशेल ह्यांनी घेतला.

क्यासनूरच्या संदर्भात ह्याच विचारपद्धतीची परिणती त्यांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज : इकॉलॉजिक कन्सिडरेशन्स’ ह्या निबंधात झाली. त्यांच्या मांडणीचा सारांश असा : अरण्यातील लहान सस्तन प्राणी व त्यांच्यावर जगणाऱ्या गोचिडी ह्यांच्यामध्ये विषाणूचे संथ चक्र पूर्वीपासून चालू असावे. वस्ती वाढली, भातशेतीसाठी जंगल तुटले, तुटलेल्या जागी घाणेरीसारखी झुडपे माजली आणि गुरे चरावयास अरण्याच्या कडेला व आत जाऊ लागली. प्रौढ गोचीड गुराढोरांच्या रक्तावर पोसते, त्यामुळे गुरांच्या येण्याने गोचिडींची संख्या अमाप वाढली. वाढलेल्या गोचिडींतून विषाणू माकडांपर्यंत पोहोचला. माकड मेले, की त्याच्या अंगावरील गोचिडी तेथेच गळून पडतात आणि तेवढा भूभाग धोक्याचा होतो. सरपण वेचावयास वा गुरे राखावयास गेलेल्या माणसाला मग गोचिडीची मधली, तिळाएवढी अवस्था चावते आणि त्याला ताप येतो. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही.

ही साखळी ध्यानी घेऊन आता ‘माकडताप’ ह्या शब्दाकडे वळू. सामासिक शब्दात विभक्तीचा प्रत्यय लुप्त होतो, आणि विग्रह करताना तो पुन्हा योजावा लागतो. ‘माकडापासून येणारा ताप’ असा विग्रह केला, तर पंचमीचा अर्थ गृहीत धरला जातो आणि माकड हे रोगाचे उगमस्थान ठरते. ‘माकडाचा ताप’ असा विग्रह केला, तर षष्ठी येते आणि माकड हे रोगी ठरते. सामान्य मराठी भाषक बहुधा पहिला विग्रह करतो. शास्त्र मात्र दुसऱ्याच्या बाजूचे आहे. माणसाच्या आधी आणि माणसाहून अधिक प्रमाणात माकड ह्या रोगाने मरते. ज्या प्रदेशात रोग प्रथम दिसला तेथील कन्नड भाषेत त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात. त्यात षष्ठीचा प्रत्यय उघड आहे : माकडाचा आजार. अरण्याच्या कडेला राहून मेलेली माकडे डोळ्यांनी पाहणाऱ्यांनी दिलेले हे नाव आहे. मराठीने ते समासात घेताना प्रत्यय गमावला आणि त्याबरोबर माकडाचे दुःखही गमावले.

हा केवळ व्याकरणाचा खल नव्हे. ब्राझीलमध्ये २०१७-१८ च्या पीतज्वराच्या साथीत भयग्रस्त लोकांनी माकडे मारल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. वस्तुतः अरण्यात मेलेले माकड ही साथीची पहिली वर्दी असते. ती वर्दी देणाऱ्यालाच मारणे म्हणजे इशारतीची घंटा फोडून टाकण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या रोगांच्या नावांत प्राण्यांचा व स्थळांचा उल्लेख टाळावा असे सुचविले, त्यामागे अशाच प्रकारचा पूर्वीचा अनुभव होता. परंतु नाव पुसल्याने गैरसमज पुसला जाईलच असे नाही. विग्रह शिकविणे हा उपाय अधिक कष्टाचा, तथापि अधिक टिकाऊ होय.

डॉ. बोशेल ह्यांच्या मांडणीचे मोल मान्य करूनही तिच्या मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा पुराव्याची. १९५७ पूर्वीच्या क्यासनूरची रोगदृष्ट्या पाहणी उपलब्ध नसल्याने, विषाणूचे जुने संथ चक्र हे अनुमानच राहते. सौराष्ट्रातील पूर्वीच्या रक्ततपासण्यांत ह्या गटातील विषाणूंची प्रतिपिंडे आढळली होती, ही बाब त्या अनुमानास पोषक आहे. परंतु सौराष्ट्राचा मुलूख कोरडा असल्यामुळे, केवळ ओलसर अरण्याची तोड हे कारण सर्वत्र पुरेल काय, असा प्रश्नही तीच बाब उभा करते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची वाटते. ह्या विचारसरणीत ‘मनुष्य’ हा एकसंध कर्ता म्हणून वावरतो : मनुष्याने जंगल तोडले, मनुष्याला ताप आला. दोन्ही वाक्यांतील मनुष्य एकच आहे काय? तोडीचा निर्णय घेणारा, तिचा लाभ मिळविणारा आणि पाचोळ्यात अनवाणी उभा राहून गोचीड अंगावर घेणारा ही बहुधा भिन्न माणसे असतात. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हा रोग दिसला, तेव्हा काजूच्या बागांत राबणाऱ्यांचा प्रश्न पुढे आला, तो ह्याच कारणाने. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानेही वन व लागवड ह्यांची सरमिसळ आणि देशी गुरांची दाट संख्या असलेल्या भागांत धोका अधिक दाखविला. डॉ. बोशेल ह्यांचा मुख्य सिद्धान्त त्याने बळकटच होतो, पण कर्त्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

सातपुड्याची वने मुख्यतः कोरडी पानझडी असल्याने माकडताप हा काही खानदेशचा रोग नव्हे. नावांचा प्रश्न मात्र खानदेशचाही आहे. आपल्या पशुपालकांनी गुरांच्या रोगांना दिलेली जुनी नावे पाहावीत. ‘लाळ्या-खुरकूत’ हे नाव तोंडाची लाळ व खुरांची जखम सांगते, ‘फऱ्या’ हे नाव सुजलेला फरा दाखविते. ही नावे लक्षण सांगतात आणि कोणत्याही प्राण्यावर आरोप ठेवीत नाहीत. उलट ‘बर्ड फ्लू’ हे आयात नाव पाहा. फेब्रुवारी २००६ मध्ये ह्या रोगाची भारतातील पहिली नोंदलेली साथ नवापूर तालुक्यात आली. १९९८ पर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यात होता. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही लागण आढळली, आणि २०२१ साली नवापुरात रोगाने पुन्हा डोके वर काढले. ‘बर्ड’ ह्या एका शब्दात आकाशातून स्थलांतर करणारा रानपक्षी आणि एका छपराखाली हजारोंच्या संख्येने कोंडलेली कोंबडी हे दोघेही सारखेच सामावतात. ह्या दोन पक्ष्यांची परिस्थिती एक नाही आणि त्यांच्याविषयीची आपली जबाबदारीही एक नाही. हा भेद नावात नसेल, तर तो आपल्या विचारात तरी असावयास हवा.

तात्पर्य, डॉ. बोशेल ह्यांच्या कार्याचा लाभ विषाणुशास्त्राबाहेरच्या वाचकालाही आहे. रोगाचे स्थान एखाद्या प्राण्यात न शोधता प्राणी, कीटक, वनस्पती व मनुष्य ह्यांच्या बदललेल्या संबंधांत शोधावे, ही त्यांची शिकवण होय. संबंध दाखविणे हे व्याकरणात विभक्तीचे कार्य आहे. म्हणून प्रत्यय लुप्त झालेल्या अशा शब्दांना त्यांचा योग्य प्रत्यय परत देणे, हे भाषेच्या अभ्यासकाने आपले कर्तव्य मानावे.