डोक्यावरचा हंडा आणि कोरा कागद

आसनगाव स्टेशनकडून दिसणारा माहुली किल्ला जलरंगात पुष्कळांनी रंगवलाय. रचना जवळपास ठरलेली. मागे धुक्यात विरघळणारे सुळके, मध्ये झाडांची पट्टी, पुढे ओली पायवाट आणि त्या वाटेवर डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई. चित्र छान दिसतं. पण ते सांगतं काय?

संशोधनाला बसलं की आपण आधी विषय लिहून मोकळे होतो: 'ग्रामीण जीवन'. माझ्या मते घसरायला होतं ते इथेच. विषयाआधी रंग लावण्याचा क्रम बघा. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. तो सुरुवातीलाच राखावा लागतो, मागाहून तसाच्या तसा मिळत नाही. म्हणून कागद कुठे कोरा सोडलाय हे पाहिलं, की चित्रकाराने आधी कशाचा विचार केला ते कळतं. या ठरावीक चित्रांत तो आभाळाला, धुक्याला, वाटेवरच्या पाण्याला मिळतो. बाई येते शेवटी, सुकलेल्या रंगावर ब्रशच्या दोन गडद फटकाऱ्यांत. का, तर डोंगर केवढा ते कळावं म्हणून. निसर्गचित्रातल्या अशा भरतीच्या माणसांना युरोपीय कलासमीक्षेत 'स्टॅफेज' म्हणतात.

यात बिघडलं काय? ही जागा कुठली ते आठवा. तानसा (१८९२) आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. पाणी मुंबईला जातं, आणि इथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. गोष्ट त्या हंड्यात होती. रचनेने तिची मोजपट्टी केली.

कोणी म्हणेल, माध्यमाचीच मर्यादा ती. तसं नाही. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' जलरंगातलंच, आणि तिथे सगळा उजेड दिवा धरलेल्या बाईसाठी राखलाय. अर्थात ते निसर्गचित्र नव्हे, त्यामुळे तुलना जपून करायची.

जवळचं उदाहरण वारली भिंतीचं. तिथे क्रमच उलटा: आधी गेरू-मातीचा गडद थर, मग तांदळाच्या पिठाचा पांढरा. माणूस, झाड, गुरं सगळी त्याच पांढऱ्यात. क्षितिजरेषा नाही, त्यामुळे कोणी 'मागे' पडत नाही. जलरंगवाल्यांनी वारली काढावी असं मी म्हणत नाहीये. पण माणूस शेवटी घालायचा की आधी, ही निवड असते, एवढं त्यावरून दिसतं.

आता तुम्ही करून बघा. मुरबाडकडून काढलेलं नाणेघाटाचं एखादं चित्र घ्या. वाट बहुधा नजरेला नानाच्या अंगठ्याकडे नेण्यापुरती असेल. पण ती सातवाहनकाळातली व्यापारी वाट आहे, कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरला चढणारी. वहीत तीन प्रश्न लिहा. कागद कशासाठी राखलाय? माणूस कितव्या थरात आलाय? आणि वाट नजरेसाठी आहे, की पायांसाठी? उत्तरं लिहून झाल्यावरच 'विषय' हा रकाना भरा.