आधी सोडवा, मग दाबा

गाडीच्या कामांत इंजिनाच्या वाट्याला जे कौतुक येतं ते ब्रेकच्या वाट्याला येत नाही. इंजिन बांधून झालं की मालक बॉनेट उघडून कान लावतो, सोबत आलेल्या चौघांना ऐकवतो. ब्रेकपॅड बदलून झाले की बिल विचारतो आणि निघतो. तरीही रसिकाने गॅरेजात तासभर उभं राहून पाहावं असं एकच काम सांगा म्हटलं, तर मी इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकवाल्या गाडीचे मागचे पॅड बदलणं सांगेन. आणि ते पाहावं पिंपरी-चिंचवडमध्ये. इथे गॅरेजाबाहेर चहाचा ग्लास घेऊन उभा असलेला माणूस बहुधा कुठल्या ना कुठल्या कंपनीत क्वालिटीला असतो. त्याच्यासमोर टंगळमंगळ चालत नाही.

हे काम या गावाच्या गॅरेजांत तसं नवंच. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यातून 2019 साली बाहेर पडलेल्या हॅरियरला मागे ड्रम होते आणि दोन सीटांच्या मध्ये ओढायचा दांडा. 2021 च्या सफारीने मागे डिस्क आणली आणि वरच्या मॉडेलांतून दांडा जाऊन तिथे बोटभर बटण आलं. त्याच वर्षी चाकणहून महिंद्राची एक्सयूव्ही 700 निघाली, तिच्याही वरच्या मॉडेलात हेच. गंमत म्हणजे त्याच वर्षी चाकणच्याच दुसऱ्या कारखान्यातून आलेल्या कुशाक आणि टायगुनला मात्र ड्रम आणि दांडाच राहिला. बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये 2001 साली आलेली ही सोय आपल्या मध्यम गाड्यांत उतरायला बरीच वर्षं गेली. आता त्या गाड्यांची वॉरंटी सरत चालली आहे आणि जिथे त्या बनल्या त्याच पट्ट्यातल्या पत्र्याच्या शेडांत त्या कामाला येऊ लागल्या आहेत.

कॅलिपरच्या आत काय चालतं ते आधी पाहू. पाय दाबला की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला भिडतो. हे सगळ्याच डिस्क ब्रेकांत सारखं. इथे कॅलिपरच्या पाठीवर एक छोटी मोटर बसवलेली असते. ती गिअरमधून एक स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पिस्टनच्या पोकळीत पुढे येतो आणि पिस्टनला आतून रेटतो. किती रेटायचं हे मोटरला करंट सांगतो. पॅड डिस्कला घट्ट बसला की मोटरवर ताण येतो, करंट चढतो आणि ठरलेल्या मर्यादेला कंट्रोल युनिट पुरवठा तोडतं. त्यानंतर वीज लागत नाही. स्क्रूचे आटेच असे कापलेले असतात की नट आपणहून मागे फिरू शकत नाही. बॅटरी उतरली तरी गाडी जागची हलत नाही. काही गाड्या घाट उतरून लावल्या की थोड्या वेळाने, आत कुणी नसताना, मागून घुर्र करतात. तापलेली डिस्क थंड होताना आकसते, पकड ढिली पडते, म्हणून मोटर पुन्हा एकदा आवळून घेते. वॉचमन दचकतो, पण त्या आवाजामागचा विचार मला फार आवडतो.

आता कळेल की या कामाचं पहिलं पाऊल पान्याने का टाकायचं नाही. नवा पॅड जाड, त्याला जागा हवी, म्हणजे पिस्टन मागे गेला पाहिजे. केबलवाल्या जुन्या डिस्कला पिस्टन फिरवत फिरवत आत घालावा लागे. इथे तो सरळ दाबायचा असतो, पण आतला नट मागे गेल्यावरच. नट पुढे असताना क्लॅम्प लावून जोर केला तर आटे आणि गिअर यांच्यावरच तो जोर जातो, आणि शेकड्यातलं काम हजारांत जातं. म्हणून कसलेला मेस्त्री आधी पुढच्या चाकांना ठोकळे लावतो, गाडी गिअरमध्ये टाकतो, बॅटरीला चार्जर जोडतो. मग स्कॅनर लावून मेंटेनन्स मोड देतो आणि मान खाली घालून ऐकतो. झूंऽऽ टक. डावा झाला. झूंऽऽ टक. उजवा झाला. दोन्हींची लांबी सारखी आली की मगच जॅकला हात. चावी काढून स्वतःच्या खिशात घालतो आणि मालकाला बजावतो, "दादा, गाडीत बसा हवं तर, पण त्या बटणाला हात लावू नका." कॅलिपर उघडा असताना मोटर फिरली तर पिस्टन बाहेर येईल आणि तिथे असलेल्या पोराची बोटं सापडतील.

कॅलिपर सुटल्यावर तो होजवर लोंबकळत ठेवतो की तारेच्या आकड्याने स्प्रिंगला टांगतो, यावरून माणूस ओळखावा.

पण या कामाचा खरा रस जुना पॅड हातात आल्यावर. दांडा होता तेव्हा ओढताना कटकट दात मोजता यायचे. चौथ्या दाताला धरणारी गाडी सातव्याला धरायला लागली की चालवणाऱ्याच्या मनगटाला कळायचं, मागे काहीतरी झिजलंय किंवा केबल ताणलीय. बटणाने हे ज्ञान काढून घेतलं. पॅड कितीही झिजो, मोटर तेवढी पुढे जाऊन पकड पुरी करते आणि डॅशबोर्डवर तोच लाल दिवा लागतो. हाताची ही खबर आता एकाच ठिकाणी मिळते: मेस्त्रीच्या तळहातावर ठेवलेल्या चार झिजक्या पॅडांत.

तो ते चारही ओळीने मांडतो. आतला आणि बाहेरचा सारखे झिजले असतील तर कॅलिपर नीट सरकतोय. आतला पार पत्र्याला आलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, तर सरकपिना जाम आहेत किंवा पिस्टन पुरा मागे येत नाही. एकच पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्याला जाड, म्हणजे तो आपल्या खोबणीत अडकून तिरका घासला. वर काचेसारखी चकाकी आणि बारीक तडे असतील तर गाडी उतारावर पायाखाली धरून चालवली आहे, गिअर कमी न करता. मालक काही बोलायच्या आत त्याच्या गाडी चालवण्याची कुंडली मांडली जाते. विजेच्या गाडीचा पॅड वेगळीच गोष्ट सांगतो. गाडी चालवणारी मोटरच तिला आवरते, ब्रेक फारसा लागत नाही, त्यामुळे पॅडवर माल भरपूर आणि पावसाळ्यानंतर पिनांवर गंज. तिथे पॅड बदलायची गरजच नसते, पण ते सोडवून साफ करायला हवेत, हे पटवताना मेस्त्रीची जीभ पान्यापेक्षा जास्त चालते.

पुढचं काम संयमाचं. भुकटी हवा मारून उडवायची नाही, क्लीनरने ओली करून पुसायची. पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढायचा. पिनांना सिलिकॉन ग्रीस, कानांना नखाने फासावं इतकं पातळ. ग्रीस बरणी उपडी केल्यासारखं थापणारे मला पाहवत नाहीत. एक थेंब पॅडच्या तोंडाला लागला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने बघायची, तिच्यावरच कंपनीने किमान आकडा कोरलेला असतो. मग पिस्टन हळूहळू आत, एक डोळा बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीवर. पिस्टन मागे गेला की डबीतली पातळी चढते, आणि ते ऑइल रंगावर सांडलं की रंग सोलून निघतो. हळू दाबायचं कारण आतलं चौकोनी कापाचं रबरी सील. ब्रेक लागताना ते पिस्टनसोबत किंचित पिळतं आणि पाय उचलताच सरळ होत पिस्टनला केसभर मागे ओढतं. डिस्क मोकळी फिरते ती या सीलच्या कृपेने. त्याला ओरखडा गेला तर नवे पॅडही आठवड्यात तापायला लागतात.

या बटणाच्या रचनेवर माझा एकच राग आहे. काही गाड्यांत इग्निशन, पेडल आणि बटण यांच्या ठरलेल्या क्रमाने मेंटेनन्स मोड मिळतो, तर काहींत स्कॅनरशिवाय वाटच नसते. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्या हुशार हातालाही मग दारात थांबावं लागतं. चार पॅड बदलायला ही अडवणूक मला पटत नाही.

शेवटाकडे घाई करणारे इथेच घसरतात. पॅड बसले, बोल्ट टॉर्क पान्याने कसले, की आधी पेडल हळूहळू मारून कडक करायचं, म्हणजे पिस्टन पॅडपर्यंत येतो. मगच मोड काढायचा. मोटर पुन्हा धावते, पॅड भिडला की तिचा सूर खाली उतरतो आणि टक करून थांबतो. नव्या जाडीची नोंद तिने घेतली. यानंतर स्पाइन रोडला एक चक्कर, पन्नासच्या वेगावरून बेताने कमी करत, दोन ब्रेकांमध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ देत, म्हणजे पॅडचं तोंड डिस्कशी जुळतं. परत आल्यावर मेस्त्री चढावर गाडी लावून बटण ओढतो, पाय काढतो, दोन्ही मागच्या चाकांजवळ हात धरून उष्णता सारखी आहे का पाहतो, आणि चावी देताना सांगतो, "पहिले दोन-तीनशे किलोमीटर दणकून ब्रेक मारू नका. लोणावळ्याचा बेत असेल तर पुढच्या रविवारी ढकला."