जोखमीचा कर्ता कोण?
ऊसतोड स्त्रियांवरील आरोग्यसंशोधनाचे एक वाचन

सार्वजनिक आरोग्यावरचे संशोधन साहित्याच्या वाचकाने वाचायचे नसते, असा आपल्याकडे एक अलिखित समज आहे. अहवाल, पाहणी, शोधनिबंध हे डॉक्टरांचे आणि सरकारी कचेरीचे कागद. त्यांत आकडे पाहायचे, भाषा पाहायची नाही. मला हा समज मान्य नाही. अहवालही वाक्यांनीच लिहिला जातो आणि वाक्य म्हटले की कर्ता, कर्म, क्रियापद आलेच. कर्त्याच्या जागी कोणाला बसवले आणि वाक्यातून कोणाला वगळले, यावर पुढचा उपाय ठरतो. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर जे लिहिले गेले, ते या दृष्टीने वाचून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

तो ईटमध्ये बसून करण्याला कारण आहे. आमचा भूम तालुका धाराशिव जिल्ह्यात मोडतो. एका अंगाला बीड जिल्हा, दुसऱ्या अंगाला अहिल्यानगरचा जामखेड तालुका. सगळा बालाघाटाचा कोरडवाहू पट्टा. खरिपाची सुगी आटोपली की या पट्ट्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हा अंक वाचकाच्या हाती पडेल तेव्हा अनेक घरांना कुलपे लागलेली असतील. ज्या बायकांबद्दल मी लिहितो आहे, त्या त्या कुलपांच्या मालकिणी आहेत.

आकडे काय सांगतात

एप्रिल २०१९ मध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’ या दैनिकात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याबद्दल वार्तांकन आले आणि देशभर खळबळ उडाली. २०१६-१७पासूनच्या तीन वर्षांत बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती जून २०१९ मध्ये विधिमंडळात दिली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींत एक.

याच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा ठेवण्याची पद्धत पडली आहे. २०१५-१६च्या चौथ्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. दोन्ही आकडे शेजारी मांडून ‘पाचपट’ म्हणणे सोपे आहे. पण एका पाहणीने वयाची मर्यादा घातली, दुसरीने ऊसतोड करणाऱ्या सरसकट स्त्रिया मोजल्या. हा फरक न सांगता पटी काढणे हे घाईचे काम झाले. तो धरूनही प्रश्न उरतोच, म्हणून तर तो सांगून मांडायला हवा.

राष्ट्रीय पाहणीतला आणखी एक धागा मात्र फारसा कोणी उचलला नाही. देशभरात झालेल्या या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या. याकडे पुढे यायचे आहे.

‘पिशवी काढली’

आमच्याकडे बायका ‘गर्भाशय’ म्हणत नाहीत. ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवी काढली’, ‘पिशवीचं ऑपरेशन झालं’. दोन्ही वाक्यांत काढणारा नाही. मराठीच्या कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो, ही व्याकरणाची सोय; इथे ती समाजाचीही सोय झाली आहे. कोणी काढली, कोणी सांगितले, पैसे कोणी दिले, हे विचारल्याशिवाय वाक्यात येत नाही.

आरोग्यविषयक लेखनात नेमके उलटे घडते. तिथे बाई ठळक कर्ता असते. ‘महिला पाळीच्या काळात जुने कापड वापरतात.’ ‘उघड्यावर शौचाला जातात.’ ‘लवकर लग्न करतात.’ ‘आजार अंगावर काढतात.’ अशी वाक्ये मी इतक्या कागदांत पाहिली आहेत की ती कोणाची म्हणून सांगता येऊ नयेत. या साऱ्याला मिळून नाव आहे ‘जोखमीचे वर्तन’. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात हा शब्द आपल्या कानी विशेष पडला. ‘अतिजोखमीचा गट’ हा त्याचा सख्खा भाऊ. शब्दात सोय अशी, की वर्तन म्हटले की वागणारा आला आणि वागणारा आला की त्याला शिकवायचे ठरले. मग शिबिर, पत्रक, पॅडचे वाटप.

आता यातले एकच वाक्य घेऊ : ‘जुने कापड वापरते.’ कापड धुवायला पाणी लागते, वाळवायला ऊन आणि आडोसा लागतो. फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या बाईला पाणी लांबून आणावे लागते आणि वाळत घालायला चारचौघांच्या नजरेपलीकडची जागा नसते. पहाटे तोड, मग मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहणे, रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला उठणे. मजुरीचे एकक आहे ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर घेतलेली, पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती. बाईने एक दिवस अंग टाकले तर खाडा जोडीला लागतो. २०१९च्या वार्तांकनांत एका खाड्याला पाचशे रुपये दंडाचा उल्लेख वारंवार येतो. या सगळ्यात ‘वापरते’ या क्रियापदाचा खरा कर्ता कोण? पाण्याची सोय न करणारा कारखाना, खाडा धरणारा मुकादम आणि मजूर कारखान्याचे की मुकादमाचे हे वर्षानुवर्षे न ठरवणारी व्यवस्था वाक्याबाहेरच राहतात.

हा आक्षेप वैद्यकाबाहेरच्या माणसाचाच आहे असे नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये आजारी व्यक्ती आणि आजारी समाज यांवर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : या माणसाला हा आजार का झाला आणि या समाजात हा आजार इतका का आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत; पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही. सगळेच एका जोखमीत राहत असतील तर आपापसांतल्या तुलनेत ती जोखीम दिसतच नाही. टोळीतल्या दहा बायकांची एकमेकींशी तुलना केली तर कोण कापड वापरते आणि कोण पॅड, एवढेच दिसेल. फडावर पाणी नाही हे दहाही जणींना सारखेच, म्हणून ते तक्त्यात उतरणार नाही.

तीन गोष्टी आणि चौथी

२०१९ नंतरच्या लेखनात तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. पहिली : पाळीत खाडा नको म्हणून मुकादम बायकांना पिशवी काढायला लावतात. दुसरी : डॉक्टरांनी कर्करोगाची भीती घालून पैसे उकळले. तिसरी : बायका अडाणी, त्यांना परिणाम ठाऊक नव्हते. तिन्हींत तथ्य आहे. पण तिन्हींत एकेक खलनायक किंवा एकेक बळी लागतो आणि गोष्ट तिथेच मिटते.

तुलनेने पाहिले तर चौथी गोष्ट दिसते. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातही अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. तिथे ऊस नव्हता, कोयता नव्हता, खाडा नव्हता. गरीब कुटुंबांसाठीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे पैसे होते. मग दोन्हींकडे समान काय? अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, जास्त रक्तस्राव या तक्रारी. त्यांच्यावर वेळेत उपचार करील असे सरकारी ठिकाण जवळ नसणे. आणि शस्त्रक्रिया केली की पैसे मिळतात अशी खासगी रुग्णालये. ऊसतोडीने बीडमध्ये या प्रश्नाला धार आणली. मूळ मात्र त्याहून जुने आणि रुंद आहे.

किती जुने, हे पाहायला गडचिरोलीला जावे लागते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला, सरासरी एकीमागे साडेतीनहून अधिक आजार, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. त्यातले मोठे दुखणे जंतुसंसर्गाचे होते, म्हणजे बहुतांशी गोळ्या-औषधांनी बरे होणारे. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच सरकारला ठाऊक होते. या निबंधाने ते चित्र जगासमोर खोटे पाडले.

१९८९ ते २०१९. मध्ये तीस वर्षे. आजार आहे हे सिद्ध झाले होते, उपाय स्वस्त आहे हेही ठाऊक होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो नियमाने मिळाला असता तर पांढरे जाण्यावर पिशवी काढण्याचा उपाय विकला गेला नसता. सरकारी दवाखान्याने जी जागा रिकामी ठेवली ती ऑपरेशन थिएटरने भरली. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे, आणि बीडवरच्या लेखनात तो सर्वांत कमी आला.

ऐकणारे संशोधन

गडचिरोलीच्या कामात लेखनाचा विचार करणाऱ्याने पाहण्यासारखे आणखी काही आहे. राणी बंग यांनी बायका दुखण्याला काय म्हणतात, कशाला आजार मानतात, हे आधी ऐकले. त्यांच्या मराठी पुस्तकाचे नावच ‘कानोसा’ आहे. बाई इथे माहिती पुरवणारा नमुना न राहता माहिती असणारी व्यक्ती होते.

आमच्या शेजारचे जामखेड याच्याही पुढे गेले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती, पाणी आणि अन्नाची होती. १९७२च्या दुष्काळात ते लख्ख दिसले. म्हणून आरोग्याच्या प्रकल्पाने कूपनलिका खोदल्या. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, त्यांतल्या अनेक दलित असलेल्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. जन्म-मृत्यूची, आजाराची माहिती गावात त्यांनीच ठेवली. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. तिथेही सवयी बदलल्या : पाणी झाकणे, बाळाला लवकर पाजणे, लस टोचून घेणे. पण विहिरीत पाणी आल्यावर आणि शेजारणीने सांगितल्यावर बदलल्या. वर्तन हा शब्द तिथे सुरुवातीला नाही, शेवटी येतो.

वर्तनाच्या बाजूने

यावर एक प्रामाणिक हरकत आहे. वर्तन काहीच नाही का? तंबाखू, मिश्री, दारू यांनी माणसे मरतात आणि सोडली तर वाचतात. मराठी वाचकाला हे सांगायला नको, कारण त्याच्या घरात डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ असते. २००० साली आलेल्या त्या पुस्तकाने हजारो घरांतले जेवण, चालणे आणि झोप बदलली. ती त्याची मोठी कामगिरी आहे.

पण ते पुस्तक ज्याच्या हाती पडले, त्याचा दिवस त्याचा स्वतःचा होता. सकाळी उठून फिरायला जायचे की नाही, हे तो ठरवू शकत होता. फडातल्या बाईचा दिवस उचलीत गहाण आहे. मिश्री लावल्याने भूक मरते, असे आमच्याकडे बायका सांगतात. तिला मिश्री सोड म्हणताना भुकेचे काय, हे सांगावे लागेल. याच डॉ. बंगांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रोजगार हमीच्या किमान वेतनामागचे उष्मांकांचे गणित तपासले आणि चार रुपयांच्या जागी बारा रुपये हवेत असे दाखवले. तेही आरोग्याचेच संशोधन होते. त्यातला कर्ता शासन होते. एकाच लेखकाची ही दोन कामे शेजारी ठेवली की वर्तनाची भाषा कुठे लागू पडते आणि कुठे नाही, ते कळते.

बीडमध्ये पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करता येणार नाही, अशी अट आली. टोळ्या निघण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणीचा विचार पुढे आला. दोन्ही चांगले. पण जिल्ह्यापुरती अट जिल्ह्याच्या सीमेपाशी संपते, आणि आमच्या भागात सीमा ओलांडायला एसटीचे तिकीट पुरते. परवानगीने शस्त्रक्रिया थांबेल; पांढरे जाणे थांबणार नाही. ते थांबायला फडावर पाणी, आडोसा, पाळीच्या दिवसांत खाड्याविना सुट्टी आणि आरोग्य केंद्रात रोज भेटणारी तपासणारी बाई लागेल. सहा महिने घर सोडून राहणाऱ्यांची मोजणी घराच्या दारावर करून भागणार नाही, ती कोपीपाशी करावी लागेल.

यापुढे असा एखादा अहवाल हाती आला तर वाचकाने एवढे करून पाहावे : त्यातल्या ‘करते’, ‘वापरते’, ‘टाळते’ या क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येकीपुढे विचारावे, हे न करण्याची मुभा तिला होती का? जिथे उत्तर ‘नाही’ येईल, तिथे वाक्य नव्या कर्त्याने लिहावे. ‘महिला जुने कापड वापरतात’ याऐवजी ‘कारखान्याने फडावर पाणी दिले नाही.’ वाक्य बदलले की पत्रकाचा पत्ताही बदलतो. ते कोपीत वाटायचे नसते, कारखान्याच्या कार्यालयात द्यायचे असते.