श्रद्धेचा आदर आणि समीक्षेचा अवकाश : ‘संतसूर्य तुकाराम’ प्रकरणाच्या संदर्भात

सांगली येथे २००८ मध्ये भरलेल्या ८१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद समीक्षक म. द. हातकणंगलेकर यांनी भूषविले होते. पुढचे संमेलन मार्च २००९ मध्ये सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे झाले. ते मात्र अध्यक्षाविना. निर्वाचित अध्यक्ष डॉ. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीत तुकोबांच्या तारुण्याचे विपर्यस्त चित्रण आहे, असा वारकऱ्यांचा आक्षेप होता. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली. तरीही विरोध न शमल्याने त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले.

वारकऱ्यांची व्यथा खोटी होती, असे म्हणता येणार नाही. ज्या घरात गाथेचे नित्य वाचन होते, त्या घराला तुकोबा हे कादंबरीतील ‘पात्र’ वाटणे कठीणच. शिवाय निषेध नोंदविणे हीही अभिव्यक्तीच होय. परंतु राज्यघटनेचा अनुच्छेद २५ श्रद्धा बाळगण्याचे व आचरण्याचे स्वातंत्र्य देतो. इतरांनीही त्याच श्रद्धेने लिहावे, असा अधिकार देत नाही. अनुच्छेद १९ (२) मधील निर्बंधांत सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी यांचा उल्लेख आहे. भावना दुखावणे हा स्वतंत्र आधार तेथे नाही.

साहित्याच्या अभ्यासकापुढील प्रश्न मात्र याहून निराळा आहे. तुकोबांच्या अभंगांत आत्मनिंदेचे कठोर उद्गार आहेत. ते चरित्राचा पुरावा मानावेत, की भक्ताच्या विनम्रतेची भाषा? यादवांनी कोणता आधार घेतला आणि तो संपून कल्पना कोठे सुरू होते, हे वाचकाला उमगते काय? ‘झोंबी’मध्ये (साहित्य अकादमी पुरस्कार, १९९०) लेखक स्वतःच साक्षीदार होता, सतराव्या शतकातील संताविषयी लिहिताना ती सोय नसते. चरित्रात्मक कादंबरीकाराला हे प्रश्न परखडपणे विचारलेच पाहिजेत. पण माफीनाम्याने त्यांची उत्तरे मिळत नाहीत. कादंबरी मागे घेतली गेली, तेव्हा लेखकाबरोबर त्याच्या टीकाकाराचाही आधार गेला. आक्षेप योग्य होता की अयोग्य, हे संहितेवरून ठरविण्याची वाटच खुंटली.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याची स्मृती तर वारकरी परंपरेनेच जपली आहे. त्याही प्रसंगी वाद होता तो कोणी काय लिहावे याचाच. आज पदव्युत्तर वर्गात हे प्रकरण चर्चेस येते तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती वृत्तपत्रांची कात्रणे असतात. कादंबरी सहसा नसते.