हशा कशाला? : निसीम इझिकेल यांच्या एका कवितेच्या निमित्ताने

मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजीतून भाषण करण्यास उभा राहतो, तेव्हा त्याला सर्वांत मोठी धास्ती असते ती श्रोत्यांच्या हशाची. या हशाचे स्वरूप समजून घेण्यासाठी निसीम इझिकेल (१९२४-२००४) यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता उपयुक्त आहे. मुंबईच्या बेने इस्रायली समाजातील या इंग्रजी कवीच्या 'हिम्स इन डार्कनेस' (१९७६) या संग्रहात ती आहे. परदेशी निघालेल्या मिस पुष्पा यांच्या निरोप समारंभातील भाषण, असे तिचे स्वरूप होय.

वक्ता बहुतेक क्रियापदे चालू काळात वापरतो. वाचक येथे हसतो आणि वर्गातील चर्चाही बहुधा येथेच संपते. परंतु अशा चुकीला कारण असते. मराठीत 'तो खेळत नाही' आणि 'मला समजत नाही' यांत क्रियापदाचे रूप सारखेच आहे. त्यावरून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' हे वाक्य सहज तयार होते. इंग्रजीत समजणे, जाणणे, आठवणे यांसारखी अवस्था दर्शविणारी क्रियापदे सहसा चालू काळात येत नाहीत. 'आत्ताच' मधील 'च'साठी 'ओन्ली' जोडण्याची सवयही अशीच आपल्या भाषांतून येते. कारण समजले की विद्यार्थी स्वतःची चूक स्वतः पकडू लागतो. नुसते हसले तर तो बोलणेच सोडून देतो.

तथापि, या भाषणाचा खरा दोष व्याकरणाचा नाही. मिस पुष्पा गोड आहेत, मोठ्या घराण्यातील आहेत, सर्वांच्या आवडत्या आहेत, असे वक्ता सांगतो. मात्र त्या कोणते काम करीत होत्या आणि कोणत्या देशी निघाल्या, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यांच्या वडिलांचे गाव आठवता आठवता वक्ता सुरतेतील स्वतःच्या जुन्या मुक्कामात रमतो. यातील सर्व क्रियापदे सुधारून पाहावीत. भाषण शुद्ध होईल, पण पोकळच राहील.

कवितेची मर्यादा येथेच जाणवते. अशुद्ध भाषा आणि रिकामा आशय हे दोन्ही दोष कवीने एकाच तोंडी घातले आहेत. त्यामुळे आशयाच्या पोकळीचे खापर वाचक भाषेवर फोडतो. वास्तविक आपल्या मराठी-उर्दू निरोप समारंभांत व्याकरण निर्दोष असूनही 'मनमिळाऊ, हसतमुख, कर्तव्यदक्ष' यापलीकडे भाषण क्वचितच जाते. त्याला मात्र कोणी हसत नाही. वक्त्याचा जिव्हाळा खरा आहे, हेही त्या हशात हरवते.

म्हणून वक्तृत्व शिकविणाऱ्यांनी क्रम बदलणे इष्ट ठरेल. ज्याच्याविषयी बोलायचे, त्याचा डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग विद्यार्थ्याकडून प्रथम काढून घ्यावा. मग त्या प्रसंगाला नेमका शब्द शोधावा आणि क्रियापदाचा काळ शेवटी तपासावा. सांगण्यासारखे काही हाती असलेला विद्यार्थी एखाद्या चुकीने अडखळत नाही, आणि श्रोतेही ती चूक विसरून ऐकत राहतात.