साठवण-जाळ्यातील कोंडी : एका प्रचलित निदानाची समीक्षा

केळापूर तालुक्यातील शेतकरी पीककर्जासाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मागतो. ही सोय २०१८ पासून उपलब्ध आहे. उतारा वेळेवर उघडला नाही, की 'सर्व्हर डाउन' एवढ्याच शब्दांत त्याची बोळवण होते. अशा विलंबाची कारणे अनेक असतात. त्यांपैकी ज्याचे निदान बहुधा चुकते, अशा एकाच कारणाचा येथे विचार करावयाचा आहे. ते म्हणजे खाजगी क्लाउडमधील साठवण-जाळ्याची कोंडी. ही कोंडी क्षमतेच्या तुटवड्यामुळे होते व अधिक वेगवान साठवण घेतली की ती फुटते, असे सामान्यतः मानले जाते. आमच्या मते हे अर्धसत्य आहे.

फायबर चॅनल जाळ्यात माहितीची चौकट वाटेत टाकून द्यावयाची नाही, असा मूळ दंडक आहे. एका चौकटीत जास्तीत जास्त २,११२ बाइट भार मावतो. पुढील टोकाने जागा रिकामी केल्याची खूण, म्हणजेच क्रेडिट, दिल्यावाचून मागील टोक पुढची चौकट सोडीत नाही. पांढरकवड्यासारख्या कापसाच्या पेठेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. जिनिंगच्या आवारात गाड्या रिकाम्या होण्यास विलंब लागला, की रांग रस्त्यावर येते आणि जिला त्या आवारात जावयाचेच नाही, ती बसही अडकते. साठवण-जाळ्यातही एका मंद यजमान-यंत्राची शिक्षा निरपराध यंत्रांना भोगावी लागते. त्यातच एका यजमानावर अनेक आभासी यंत्रे नांदत असल्याने खरा दोषी दृष्टीआड राहतो.

येथे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिल्यात यजमान क्रेडिट परत करण्यास विलंब लावतो. त्याची जोडणी मोकळी दिसते, पण वाहतूक थांबलेली असते. दुसऱ्यात ८ गिगाबिटच्या जोडणीवरील यजमान ३२ गिगाबिटच्या साठवणीकडून झेपेल त्याहून अधिक मागतो. त्याची जोडणी तुडुंब भरते. पाच-पाच मिनिटांच्या सरासरीचे आलेख पहिला प्रकार दाखवीतच नाहीत. त्यासाठी क्रेडिटविना गेलेला प्रतीक्षाकाळ मोजावा लागतो. दुसऱ्या प्रकारात साठवण आणखी वेगवान केली, तर विषमता वाढून रोग बळावतो.

उपायांचीही अशीच पारख व्हावी. व्हीएमवेअरने २०१० मध्ये आणलेले स्टोरेज आय/ओ कंट्रोल एका साठ्याच्या वाटेकऱ्यांत न्याय करते. परंतु दुसऱ्या साठ्याच्या ग्राहकाने जाळ्यात निर्माण केलेली कोंडी त्याच्या अधिकारकक्षेबाहेरची आहे. मंद यजमानाची वाहतूक वेगळ्या आभासी मार्गिकेत घातल्यास इतरांचे रक्षण होते, पण रोग राहतोच. दोषी यजमानाच्या मागणीवरच मर्यादा घालणे अधिक मूलगामी होय. कारण वाचनात जेवढे मागितले तेवढेच येते. तथापि जोडण्यांच्या वेगांतील विषमता दूर करणे हाच त्यावरील कायमचा उपाय.

सारांश, कोंडी जेथे दिसते तेथेच ती उत्पन्न झालेली असते, हे गृहीतक त्याज्य मानावे. खरेदीपूर्वी मापन न केल्यास सार्वजनिक द्रव्य खर्ची पडेल आणि उताऱ्यासाठी ताटकळलेला शेतकरी मात्र तेथेच उभा राहील.