स्लाइड कोरी, म्हणून हृदय निरोगी?

धडधाकट तरुण माणूस अचानक जातो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्याच्या हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली येतो तो बहुधा शवविच्छेदनानंतरच. घरच्यांचा प्रश्न एकच असतो: कशानं गेला? आणि रिपोर्ट म्हणतो, 'मायोकार्डायटिस नाही'. या 'नाही'वर किती विसंबायचं?

त्यासाठी केनेथ बॉमन यांचा 2006 चा 'सर्क्युलेशन'मधला लेख वाचाच. त्यांनी शीर्षकातच डॅलस निकषांचा मृत्यू जाहीर केलाय. 1980च्या दशकातले हे निकष तसे सोपे आहेत. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन स्लाइडवर स्नायूपेशींमध्ये दाहपेशी शिरलेल्या हव्यात, शेजारची स्नायूपेशी मरत किंवा झिजत असायला हवी, आणि ती इजा रक्तपुरवठा तुटल्यामुळे झाल्यासारखी वाटता कामा नये.

बॉमन यांचे आकडे झोप उडवतात. 1995 च्या मोठ्या चाचणीत 2,233 जणांची बायोप्सी झाली, त्यात 214 पॉझिटिव्ह निघाले. पुढे उपचारासाठी निवडलेल्या 111 जणांच्या स्लाइड तज्ज्ञांनी पुन्हा पाहिल्या, तर निदान फक्त 64 टक्क्यांतच टिकलं! दुसरा पुरावा आणखी बोचरा आहे. मायोकार्डायटिसनेच मेलेल्यांच्या हृदयांतून एकेक तुकडा घेतला तेव्हा रोग जेमतेम 25 टक्क्यांत दिसला. पाचाहून जास्त तुकडे घेतल्यावर तो सुमारे दोन तृतीयांशांत दिसला.

इथे माझी तक्रार आहे. बघणाऱ्यांचं एकमत न होणं आणि तुकड्यात रोगच न येणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. लेख दोन्हींचं खापर निकषांवर फोडतो. 2013 च्या युरोपियन व्याख्येत विशेष रंग देऊन पेशी मोजतात, दर चौरस मिलिमीटरला किमान 14. त्यानं पहिलं दुखणं बरंच कमी होतं. दुसऱ्याचं काय? चार बोंडं फोडून अळी दिसली नाही, म्हणून एकरभर पऱ्हाटी साफ म्हणाल का? भिंग कितीही भारी आणा, बोंडं चारच. उलट जायंट सेल मायोकार्डायटिसमध्ये दाह सगळीकडे पसरलेला असतो, तिथे हीच साधी स्लाइड उपचाराची दिशा ठरवते. मग मेलं कोण?

म्हणून पेपर हातात आला की निष्कर्षाआधी पद्धत वाचा: तुकडे किती, कुठल्या कप्प्यातून? शवविच्छेदनात तर अख्खं हृदय समोर असतं, बरं का. तिथे एकाच तुकड्यावर थांबायची सक्ती कुणाचीच नसते.